कोऱ्या पानावर काय लिहायचे?

महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत एक आगळा प्रयोग केला. पुस्तकांचे चार भाग करण्यात आले आणि धड्यांच्या पाठोपाठ वहीसारखी कोरी पाने जोडण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि वेगळी वही न बाळगताही विद्यार्थ्याला आपल्या नोंदी करता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. त्या पानांना 'माझी नोंद' असे नावही देण्यात आले. दोन वर्षांत हा प्रयोग गुंडाळावा लागला. पुस्तकात पाने असूनही मुले वह्या आणतच राहिली, हेतू साध्य झाला नाही, असा निष्कर्ष निघाला आणि २०२५-२६ पासून ती पाने काढून टाकण्यात आली. या काळात चर्चा झाली ती कागदाची, छपाईच्या खर्चाची आणि दप्तराच्या वजनाची. सात-आठ वर्षांच्या मुलाने त्या कोऱ्या पानावर लिहायचे तरी काय, आणि ते लिहायला त्याला कोणी शिकवले आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही. पाने गेली, प्रश्न जिथल्या तिथे आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांना हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक टोचायला हवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले. ठाण्यात १९८८ साली वसंत कानेटकर यांच्या आणि २०१० साली उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. २०१७ मध्ये नव्वदावे संमेलन डोंबिवलीत झाले, तेव्हा संमेलननगरीला पु. भा. भावे यांचे नाव देण्यात आले. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे कथाकार ज्या गावात राहिले, लिहिते राहिले, त्या गावाने स्वतःला सांस्कृतिक नगरी म्हणवून घ्यावे, यात वावगे काही नाही. पण याच नगरीत तिसरी-चौथीतल्या मुलांच्या निबंधाच्या वह्या चाळून पाहिल्या, तर काय आढळते? वर्गातल्या चाळीस मुलांचा 'माझा आवडता प्राणी' एकच असतो. पावसाळ्यातील एक दिवस सर्वांच्याच वहीत एकाच वाक्याने उजाडतो. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, नदीचे आत्मवृत्त, मी पंतप्रधान झालो तर, असे विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांची उत्तरेही. फळ्यावर बाईंनी लिहून दिलेले किंवा बाजारातल्या पुस्तिकेतून उतरवलेले पाठ करायचे आणि परीक्षेत ओकायचे, याला निबंधलेखन म्हणतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ज्या नावाचे मासिक काढून मराठी गद्याला धार दिली, त्या 'निबंधमाला' या नावाने आज तयार निबंधांच्या पुस्तिका विकल्या जाव्यात, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

बरे, निबंध हा लेखनाचा एक प्रकार झाला. माणसाला आयुष्यात जे लिहावे लागते, त्यात निबंधाचा वाटा किती? चिठ्ठी, पत्र, अर्ज, तक्रार, सूचना, बातमी, वृत्तांत, एखादी गोष्ट कशी करावी याची कृती, पाहिलेल्या वस्तूचे वर्णन, सांगितलेली किंवा रचलेली गोष्ट, दोघांचा संवाद, मुलाखतीचे प्रश्न, रोजची नोंद यांपैकी प्रत्येकाचे प्रयोजन निराळे, वाचणारा निराळा आणि म्हणून भाषाही निराळी. या प्रकारांची तोंडओळख वरच्या इयत्तांत, गुणांच्या निमित्ताने आणि आराखड्याच्या रूपाने होते. पत्राचा पत्ता कोणत्या बाजूला लिहायचा, एवढेच विद्यार्थ्याच्या लक्षात राहते. पत्र कोणाला आणि कशासाठी लिहायचे, हे कळण्याचे वय तोवर मागे पडलेले असते. सात ते दहा या वयात मूल बोलताना हे सारे प्रकार सहज वापरत असते. आजीला गोष्ट सांगते, मित्राला खेळाचे नियम समजावते, आईकडे भावाची तक्रार करते, शाळेतून आल्यावर दिवसभराची बातमी देते. त्याच्या बोलण्यातली ही विविधता वहीत उतरवायला शिकवणे म्हणजेच लेखनप्रकार शिकवणे. त्यासाठी मुलाने लेखक व्हावे अशी अट नाही.

कल्याणच्या एका मुलीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली यमुना, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. लग्न नवव्या वर्षी झाले. पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी तिला शिकवण्याचा ध्यास घेतला. त्यांची शिकवण्याची रीत कठोर होती आणि तिचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण या शिक्षणात लेखन प्रयोजनासाठी होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. अमेरिकेतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंना तिने लिहिलेली पत्रे नमुना पाहून उतरवलेली नव्हती. सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी स्त्रीला आपला देश, आपले सण, आपल्या चालीरीती समजावून सांगण्यासाठी ती लिहिली गेली. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात तिने भाषण केले, तेव्हा ती अठरा वर्षांचीही नव्हती. अमेरिकेला का जाता, एकट्या का जाता, जातीने वाळीत टाकले तर काय कराल, असे लोकांच्या मनातले प्रश्न एकेक करून मांडायचे आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचे, अशी त्या भाषणाची बांधणी होती. पुढे फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी तिने अर्ज लिहिला, १८८६ मध्ये पदवीसाठी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. पत्र, भाषण, अर्ज, प्रबंध असे चार प्रकार आणि चार निराळे वाचक वा श्रोते. यांपैकी एकाही ठिकाणी तिची लेखणी अडखळली असती, तर पुढची वाट बंद झाली असती. आपले म्हणणे योग्य त्या रूपात मांडता येणे, हे तिच्यासाठी शब्दशः दार उघडण्याचे साधन होते.

लेखनप्रकार शिकवणे ही परदेशातून आणलेली नवलाई आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, कागद आणि लेखणीची निगा कशी घ्यावी, इतका बारीक विचार त्यात आहे. हेमाडपंतांच्या नावाने ओळखली जाणारी 'मेस्तके' तर हिशेब आणि पत्रव्यवहार यांची रीत कारकुनाला शिकवण्यासाठीच होती. कोणत्या दर्जाच्या व्यक्तीला कोणता मायना, कोणत्या कागदाचा शेवट कसा, याचे निश्चित शिक्षण मराठी मुलखात दिले जात होते आणि त्या शिक्षणावर राज्यांचे कारभार चालले. त्यातला दोष एवढाच, की ते ठरावीक घराण्यांच्या चौकटीत राहिले. ज्याच्या घरी दप्तर, त्याच्याच मुलाच्या हाती लेखणी.

हा दोष आज पूर्ण गेला आहे का? वरवर पाहता शाळेचे दार सर्वांना उघडे आहे. पण नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेत ज्या घरी सकाळी वर्तमानपत्र येते, दिवाळी अंकांची देवघेव होते, आजोबा सोसायटीच्या सचिवाला खरमरीत पत्र लिहितात आणि ते घरात मोठ्याने वाचून दाखवतात, त्या घरातले मूल लेखनाचे प्रकार न शिकवताच उचलते. कळव्याच्या डोंगरउतारावरील वस्तीत किंवा कल्याण पूर्वेतील चाळीत, जिथे आईवडील दोघेही पहाटे कामाला बाहेर पडतात आणि घरात छापील कागद येतो तो विजेच्या बिलाचा, तिथल्या मुलाला हे सारे शाळेनेच द्यायचे असते. शाळा त्याला 'मनाने काहीतरी लिही' म्हणते, तेव्हा त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. रूपच त्याने कधी पाहिलेले नसते. पुढे हेच मूल मोठे होऊन तहसील कचेरीच्या बाहेर अर्ज लिहून देणाऱ्यापुढे पैसे मोजून उभे राहते. पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, दाखल्यावर नाव चुकले आहे, हे स्वतःचे दुःख स्वतःच्या शब्दांत कागदावर मांडण्यासाठीही त्याला दुसऱ्याची लेखणी भाड्याने घ्यावी लागते. सामाजिक समरसतेची चर्चा करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

याच मुद्द्यावर पाश्चात्त्य जगात मोठा वाद झाला. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांचे १९८३ मधले पुस्तक गाजले. मुलांना विषय स्वतः निवडू द्यावेत, मसुदा करून पुन्हा लिहू द्यावे, शिक्षकाने सोबत्यासारखे असावे, असे त्यांचे सांगणे होते. पाठांतराच्या तुरुंगातून मुलाला सोडवणारा हा विचार होता, यात शंका नाही. परंतु त्याच दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जिम मार्टिन आणि जोन रॉदरी या भाषाभ्यासकांनी प्राथमिक शाळांतील मुलांचे लेखन तपासले, तेव्हा एक अडचण पुढे आली. मोकळे सोडलेले मूल बहुतेक वेळा 'मी काल काय केले' याच्या पलीकडे जात नव्हते. माहिती देणे, कारण सांगणे, बाजू मांडणे हे प्रकार आपोआप उगवत नव्हते. ज्यांना घरून काही मिळत नाही, त्यांचे त्यात सर्वाधिक नुकसान होते. मग तेथील शिक्षकांनी एक पद्धत घडवली. प्रथम चांगला नमुना वर्गात वाचून तो कसा बांधला आहे हे उलगडायचे. मग शिक्षक आणि मुले मिळून फळ्यावर तसाच एक मजकूर रचायचा. आणि त्यानंतरच मुलाने एकट्याने लिहायचे. गंमत अशी, की आपल्याकडे गवई, मूर्तिकार, कीर्तनकार असेच घडले. आधी ऐकणे, मग गुरूबरोबर गाणे, मग एकट्याने बैठक. लेखनाच्या बाबतीतच आपण मधली पायरी गाळली आणि फळ्यावरून थेट वहीत उतरवण्याला शिक्षण मानू लागलो.

या पद्धतीसाठी महागड्या साधनांची गरज नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बोटींतून सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढले. स्थानिक ग्रामस्थही मदतीला धावले. कल्याणहून विशेष गाडीने प्रवाशांना पुढे पाठवण्यात आले. या एका घटनेवर चौथीचा वर्ग पंधरा दिवस लिहू शकतो. बातमी लिहायची तर कोठे, केव्हा, किती, कोणी हे आधी यायला हवे आणि 'बिचारे प्रवासी' हा शब्द गाळायला हवा. गाडीतल्या मुलीने कोल्हापूरच्या आजीला लिहिलेल्या पत्रात मात्र आकडे मागे पडतील आणि भीती, भूक, डब्यात शिरू पाहणारे पाणी पुढे येईल. स्थानकावर लावायची सूचना तीन ओळींत संपली पाहिजे आणि तिच्यात एकही शब्द दोन अर्थांचा चालणार नाही. जवान आणि आजोबा यांचा संवाद लिहायचा तर दोघांची बोली वेगळी राखावी लागेल. आणि ज्याला हौस असेल, त्याने खुशाल गाडीचे मनोगत लिहावे. 'आत्मवृत्त' या झिजलेल्या प्रकारालाही मग पुन्हा अर्थ येतो, कारण बोलणारी गाडी कोणती आणि ती काय सोसून आली, हे मुलाला ठाऊक असते. एकच घटना पाच रूपांत उतरवताना मुलाला जे उमगते, ते व्याख्या पाठ करून उमगत नाही.

लहानांसाठी याहून सोपी सुरुवात आहे. दुसरीच्या मुलांनी लिंबाच्या सरबताची कृती लिहावी आणि शेजारच्या तुकडीने ती वाचून, लिहिले आहे तेवढेच करून सरबत बनवावे. 'साखर घाला' लिहिले आणि 'ढवळा' लिहिले नाही, तर ग्लासाच्या तळाशी साखर राहील. चूक दाखवायला लाल शाई लागणार नाही.

पत्राच्या बाबतीत तर मराठीने मुलांसाठी केवढे मोठे धन राखून ठेवले आहे! तीर्थरूप आजोबांना साष्टांग नमस्कार, मित्राला सप्रेम नमस्कार, धाकट्या भावाला अनेक आशीर्वाद, अधिकाऱ्याला महोदय. मायना बदलला की क्रियापद बदलते, 'तू'चे 'तुम्ही' आणि 'तुम्ही'चे 'आपण' होते. नात्यांची ही जाण पत्र लिहितानाच पक्की होते. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' मराठी घरांनी जिव्हाळ्याने वाचली. याच गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढले होते. भिंतीवरची पत्रिका आणि शाळेचे हस्तलिखित वार्षिक या परंपरेला तोच वाचक हवा असतो, जो गुणांसाठी वाचत नाही.

अलीकडच्या काळातही महाराष्ट्रात ही वाट मळवणारे झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, वारली मुलांच्या परिसरालाच पाठ्यपुस्तक केले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या अनुभवातून अभ्यास उभा राहिला. ही कामे गौरवली गेली आणि बहुतेक शाळांनी ती गौरवापुरतीच ठेवली.

शिक्षकांची बाजू येथे समजून घेतली पाहिजे. पटावर पन्नास मुले, त्यांच्या पन्नास निराळ्या वह्या तपासायच्या, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, माहिती भरण्याचे रोजचे तगादे. सर्वांना एकच निबंध लिहून दिला तर तपासणी पाच मिनिटांत होते, हे उघड आहे. परीक्षापद्धतीनेही त्यालाच साथ दिली. प्राथमिक शिष्यवृत्तीची परीक्षा बहुपर्यायी. 'असर'सारख्या पाहण्या २००५ पासून प्रामुख्याने वाचन आणि अंकगणित जोखतात. जे मोजले जात नाही ते शिकवले जात नाही, मग ते कितीही मोलाचे असो. म्हणून प्रत्येक लेखनाची प्रत्येक चूक तपासण्याचा हट्ट शिक्षकाने सोडावा आणि अधिकाऱ्यांनीही तो धरू नये. पहिल्या वाचनात म्हणणे पोहोचले का एवढेच पाहावे. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खेपेला, तेही मुलाने ज्या मजकुराची शुद्ध प्रत करायचे ठरवले आहे, त्याचेच. शुद्धलेखनाचे महत्त्व याने कमी होत नाही. दुसऱ्याला वाचायला द्यायचे आहे म्हटल्यावर मूल स्वतःहून विचारते, 'बाई, हा दीर्घ की ऱ्हस्व?' पहिल्याच ओळीवर लाल शाईचे फुल्यांचे शेत उगवले, तर ते पुढच्या वेळी चारच सोपी वाक्ये लिहून मोकळे होते.

राहिला मध्यमवर्गीय पालक. ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी मराठी घरांतील मुले आज इंग्रजी माध्यमात आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा आनंद रास्तच आहे. पण याच घरातल्या नातवाला आजीसाठी मराठीत चार ओळींची चिठ्ठी लिहिता येत नाही आणि आईवडील ते कौतुकाने सांगतात, तेव्हा कायदा आणि दर्जा दोन्ही दाराबाहेर उभे राहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. घरात त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. किराण्याची यादी मुलाने लिहावी. पाहुणे येऊन गेले की त्याची नोंद त्याने करावी. गावाहून आल्यावर काकांना पत्र लिहावे, ते पाकिटात घालून पेटीत टाकावे आणि काकांनीही उत्तर धाडावे. फोनवरून आलेल्या अंगठ्याच्या चित्राने ते काम होणार नाही.

सेवावस्त्यांत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती याहून मोठे काम आहे. तेथे गणिताची उजळणी आणि गृहपाठ होतो, श्लोक होतात, गोष्टी सांगितल्या जातात. आठवड्यातला एक तास लेखनाला द्यायला काय हरकत आहे? वस्तीतल्या नळाला दोन दिवस पाणी आले नाही, तर चौथी-पाचवीच्या मुलांनी मिळून पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला अर्ज लिहावा. तारीख, ठिकाण, अडचण, मागणी, सर्वांची नावे, हे सारे फळ्यावर एकत्र ठरवावे. एका मोठ्याने त्यांना सोबत नेऊन तो अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेवरचा शिक्का मुलांनी स्वतः पाहावा. वस्तीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशाची, पहाटेच्या गाडीने भाजी आणणाऱ्या मावशीची मुलाखत घ्यावी आणि ती लिहून काढावी. अशा लेखनाचे एखादे हस्तलिखित वर्षातून दोनदा निघाले, तर कल्याणच्या आणि ठाण्याच्या जुन्या ग्रंथालयांनी बालविभागात त्यासाठी एक फळी मोकळी करावी. त्या हस्तलिखितांनाही इतर पुस्तकांसारखाच दाखल क्रमांक द्यावा आणि ती वर्गणीदारांना घरी वाचायला न्यायला मोकळी ठेवावीत.